विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर: एका मेडिकलवालीचा अभिप्राय

विपश्यना म्हणजे मौन पाळून स्वतःच्या श्वासाकडे आणि अंगातल्या संवेदनांकडे नुसतं बघायची ध्यानपद्धती. पैशांपासून सुरू करते, कारण घरात पहिला प्रश्न तोच आला. दहा दिवस राहणं, नाश्ता, जेवण, शिकवणं, सगळं विनामूल्य. शेवटी देणगीचं टेबल असतं. द्यायचं तर द्या, नाहीतर पिशवी उचला आणि निघा. देणगीही फक्त शिबिर पूर्ण केलेल्या माणसाकडूनच घेतात; बाहेर गाडी घेऊन थांबलेला नवरा पावती फाडायला तयार असला तरी चालत नाही. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अगं, दहा दिवस फुकट जेवायला घालतंय कोण? नीट चौकशी कर." त्यांचं आयुष्य पंढरपुरात गेलंय. वारीत चहा वाटणाऱ्यालाही त्या आधी गाव विचारतात.

आमचं मेडिकलचं दुकान आहे. परवाना माझ्या नावावर, त्यामुळे शेड्यूल एच-वनचं, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवूनच द्यायच्या औषधांचं, रजिस्टर मीच भरते: पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध कोणतं, किती दिलं. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या घबराटीच्या आणि झोपेच्या गोळ्यांपुढे पूर्वी ठरावीक घरांतली नावं यायची. आता शिक्षिका, कॉलेजातली पोरं, ट्रॅक्टरचे हप्ते भरणारे, सगळे येतात. काउंटरला टेकून, आवाज खाली आणून जवळपास सगळे एकच सांगतात, "मॅडम, विचार थांबत नाहीत हो." माझेही थांबत नव्हते. वडिलांच्या घराच्या बक्षीसपत्रावरून बहिणीशी जे झालं, ते रोज रात्री दीड वाजता डोक्यात सुनावणीला यायचं आणि दोन्हीकडची वकील मीच. गोळी घ्यायची नव्हती, म्हणून गेले.

तर जाणाऱ्यांसाठी पहिली सूचना: विचार थांबावेत म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. थांबत नाहीत. चौथ्या दिवशीही नाहीत, दहाव्या दिवशीही नाहीत. आणि थांबतील असं तिथे कुणी म्हणतही नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पहिले दोन दिवस स्वतःवर चडफडण्यात गेले नसते.

मी ज्या केंद्रात गेले त्याचं नाव देत नाही. तिथल्या गरम पाण्याबद्दल आणि हॉलमधल्या खरखरणाऱ्या स्पीकरबद्दल मला बोलायचंय, आणि ती सेवा करणारी माणसं बिनपगारी होती. शिवाय नावाने फारसा फरक पडत नाही. इगतपुरीचं धम्मगिरी हे या परंपरेचं मोठं केंद्र, 1976पासून तिथे शिबिरं चालतात. पण गाव कोणतंही असो, वेळापत्रक तेच, सूचना त्याच आणि आवाजही तोच: सत्यनारायण गोयंकांचा, ध्वनिमुद्रित. 2013मध्ये ते गेले, पण आजही पहाटे हॉलमध्ये शिकवतात तेच. समोर बसलेले सहायक आचार्य बटण दाबतात आणि दुपारी शंका ऐकतात.

गोयंकांची गोष्ट मात्र मला माझ्या धंद्यामुळे फार जवळची वाटली. जन्म 1924चा, मंडालेचा, घराणं मारवाडी व्यापाऱ्यांचं. अर्धशिशी इतकी भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. अर्धशिशीपेक्षा आता मॉर्फिनचीच भीती, अशी वेळ आल्यावर 1955मध्ये ते विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन कोणी संन्यासी नव्हेत. ब्रह्मदेशाचे महालेखापाल, सरकारी अधिकारी. डोकेदुखी बरी करायला आलोय म्हटल्यावर त्यांनी शिकवायला आधी नकार दिला. म्हणाले, ही विद्या त्यासाठी नाही. गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या माणसावर माझा लगेच विश्वास बसतो. 1969मध्ये गोयंका भारतात आले आणि मुंबईत पहिलं शिबिर घेतलं.

आता दिवस कसा जातो ते. पहाटे चारला घंटा. साडेचारपासून बैठक. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा, मुरमुरे, फळ. त्यानंतर काही नाही. जुन्या साधकांना, म्हणजे आधी एक शिबिर केलेल्यांना, तेवढंही नाही, फक्त लिंबूपाणी. मधले सगळे तास डोळे मिटून. रात्री सव्वातासाचं प्रवचन आणि साडेनऊला दिवे बंद. मोबाइल, वही, पेन, पुस्तक, जपाची माळ, सगळं पहिल्या संध्याकाळी ऑफिसात जमा. आर्य मौन म्हणजे बोलायचं तर नाहीच, पण खुणाही करायच्या नाहीत, नजरही द्यायची नाही. जेवणाच्या रांगेत पुढच्या बाईच्या हातून चमचा पडला, मी तो उचलून दिला आणि दोघीही गुन्हा केल्यासारख्या दुसरीकडे बघायला लागलो.

जेवणाला पूर्ण गुण. साधं, गरम, तिखट कमी. ताट आपलं आपण घासायचं. गाद्या पातळ, मच्छरदाणी दिली होती. गरम पाणी पहाटे मिळायचं म्हणतात. माझ्या वाट्याला कोमटच आलं. पाठीचा त्रास असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, खुर्ची देतात. मी तिसऱ्या दिवसापर्यंत अहंकाराने जमिनीवर बसले. गुडघ्याने त्याचा हिशेब घेतला.

पहिले साडेतीन दिवस काम एकच, आनापान. श्वास येतोय, श्वास जातोय, एवढं जाणायचं. तो लांब करायचा नाही, मोजायचा नाही. हळूहळू लक्ष नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर एवढ्याशा जागेत आणायचं. ऐकायला सोपं. पण मन त्या जागेवर दोन श्वास टिकत नाही. तिसऱ्याला ते एक्स्पायरी झालेल्या मालाच्या क्रेडिट नोटवर, नाहीतर बहिणीवर.

आणि इथेच पंढरपूरकराची पंचाईत होते. आमच्याकडे मन भटकलं की उपाय ठरलेला: नाम घ्या. सासूबाईंच्या ओठांवर ते दळताना, निवडताना, एसटीत, सतत असतं, आणि त्यांचं मन माझ्यापेक्षा शांत आहे हे मी शपथेवर सांगेन. पण इथे नाम चालत नाही, मंत्र चालत नाही, मूर्ती डोळ्यांपुढे आणायची नाही. कारण प्रवचनात स्पष्ट सांगतात: शब्दाला धरलं की मन लवकर एकाग्र होतं हे खरं, पण तुम्हाला एकाग्रतेपुढे जायचंय, आत जे आपोआप चाललंय ते बघायचंय, आणि शब्द त्याच्यावर आपला रंग चढवतो. मला हे पटायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी "विठ्ठल विठ्ठल" आपोआप सुरू झालं, श्वासाच्या ठेक्यात. मी घाबरून सहायक आचार्य बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ढकलू नका, धरूही नका. श्वासावर या." तक्रार नाही, उपदेश नाही. एवढंच.

चौथ्या दिवशी दुपारी खरी विपश्यना शिकवतात. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत लक्ष फिरवायचं. खाज, ऊब, जडपणा, मुंग्या, जे सापडेल ते बघायचं आणि त्याला काहीही करायचं नाही. त्यानंतर दिवसातल्या तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या: एक तास हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. इथे लोक सोडून जायचा विचार करतात. मीही केला.

या सगळ्यामागचा मनाचा नकाशा प्रवचनात येतो, आणि माझ्या मते पूर्ण दहा दिवसांतली सर्वांत कामाची गोष्ट तीच आहे. मनाचे चार भाग सांगतात, नावं पाली भाषेतली. कानावर आवाज पडला की विञ्ञाण जागं होतं: काहीतरी ऐकू आलं, इतकंच. मग सञ्ञा ओळख पटवते: ही शिवी, ही स्तुती. ओळख पटली की अंगात वेदना उठते. वेदना म्हणजे इथे दुखणं नव्हे, कोणतीही संवेदना, बरी वा वाईट. आणि तिला सङ्खार उत्तर देतो: हवं, नको. हे चौथं पाऊल इतकं चटकन पडतं की मधलं तिसरं आपल्याला दिसतच नाही. आपण समजतो, शिवीला चिडलो. प्रत्यक्षात शिवीने अंगात जे पेटलं त्याला चिडलेलो असतो.

ऐकलं तेव्हा छान मांडणी आहे, एवढंच वाटलं. पण सहाव्या दिवशी दुपारच्या अधिष्ठानात हे चारही भाग माझ्यासमोरून गेले. गुडघा ठणकत होता. मी मानेवर लक्ष आणलं होतं. अचानक दोन्ही कानांमागे ऊब आली, नखाएवढ्या जागेत. मग घशाच्या खालच्या बाजूला आवळल्यासारखं. छातीवर काही नाही, पोटात काही नाही. फक्त कान आणि घसा. मी बघत होते. आणि त्यानंतर, हे मला आजही आठवतं, बहिणीचं वाक्य आलं: "तुला काय कमी आहे गं?" शब्द नंतर आले. आधी अंग तापलं होतं. म्हणजे इतके महिने मी रात्री दीडला ज्या वाक्याशी भांडत होते, ते वाक्य यायच्या आधीच भांडण सुरू झालेलं असायचं, कानांमागे.

हे प्रत्येकाला असंच दिसेल असं मी म्हणत नाही, आणि शब्द नेहमीच मागून येतात असा सिद्धांतही मांडत नाही. मात्र त्या बैठकीत मी पहिल्यांदा त्या वाक्याला उत्तर दिलं नाही. ऊब थोडा वेळ राहिली, पसरली, गेली. वाक्य परत आलं तेव्हा त्याच्यात दम नव्हता. पुढच्या बैठकीत पुन्हा होता, हेही लिहायला हवं.

पुढे एक सापळा आहे, तो आधीच माहीत असलेला बरा. सातव्या-आठव्या दिवशी काहींना सगळ्या अंगभर बारीक, मऊ लहरी जाणवतात. मला मनगटापासून बोटांपर्यंत जाणवल्या आणि मी खूश. पुढच्या बैठकीत त्या आल्या नाहीत तर चिडचिड. बाईंनी विचारलं, "आल्या तेव्हा काय करायचं होतं?" मी म्हटलं, बघायचं. "आणि गेल्या तेव्हा?" हळवं व्हायला तिथे कुणी वावच देत नाही. हे मला आवडलं.

आता ज्यांना खऱ्या अर्थाने आत्मज्ञानाची ओढ आहे त्यांच्यासाठी. लहानपणापासून कीर्तनात मी ऐकलंय: देह मी नाही, मन मी नाही, विचार येतात-जातात, त्यांना जाणणारा साक्षी तो मी, आणि तो कधी येत-जात नाही. इथला नकाशा वेगळा आहे. जाणणं, म्हणजे विञ्ञाण, हाही मनाचाच एक भाग. डोळ्याशी रूप आलं की डोळ्याचं, कानाशी शब्द आला की कानाचं. असं सहा दारांवर सहा प्रकारचं, उठतं आणि विरतं. मागे कुणी कायमचा बघणारा बसलेला नाही. एका दरवाजातून दोघांनी मला विरुद्ध दिशांना ओढावं तसं झालं. मी बाईंना विचारलंच, "मग हे सगळं बघतंय कोण?" त्या हसल्या. "माझ्याकडून उत्तर घेऊन काय करणार? बघा ना." मला तेव्हा ते टाळल्यासारखं वाटलं.

मी बघितलं. बाहेर रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, आणि ऐकणं झालं. "मी ऐकलं" हे नंतर जोडलं गेलं, हे अगदी स्पष्ट दिसलं. इथपर्यंत त्यांचं म्हणणं खरं. पण ऐकणं उठलं आणि मावळलं हे ज्याच्यात कळलं, ते स्वतः उठलं की मावळलं, हे मला कळलं नाही. कीर्तनकार बरोबर की गोयंका, याचा निकाल दहा दिवसांत लागत नाही, निदान माझा लागला नाही. साक्षीचा अनुभव घ्यायला म्हणून कुणी जाणार असेल तर तो हात हलवत परत येईल. विचार आणि त्याला आपण देत असलेली प्रतिक्रिया यांच्यामधली जागा बघायची असेल, तर याच्याइतकं नेटकं शिकवणारं दुसरं काही माझ्या माहितीत नाही.

तक्रार आहे ती प्रवचनांबद्दल. गोष्टी उत्तम, विनोद फक्कड, दोहे गोड. पण हा कुठल्याही संप्रदायाचा मार्ग नाही, शुद्ध विज्ञान आहे, हे इतक्या वेळा येतं की सातव्या रात्री मी मनात म्हटलं, दाखवा ना. आमच्या धंद्यात विज्ञान म्हणायचं तर अर्ध्या लोकांना औषध आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी देऊन बघावं लागतं. त्याच प्रवचनांत मागच्या जन्मांचे साठलेले संस्कार वर येतात, हेही येतं. ती श्रद्धा आहे, आणि श्रद्धा असण्यात काही वाईट नाही; मी विठोबाच्या गावची आहे. तिला विज्ञानाचं लेबल कशाला?

औषधांबद्दल दोन शब्द, हे दुकानदार म्हणून नाही, फार्मासिस्ट म्हणून. अर्जात मानसिक आजार, चालू गोळ्या, पूर्वीचे उपचार याबद्दल विचारतात. तिथे खोटं लिहू नका. डिप्रेशनची किंवा घबराटीची औषधं चालू असतील तर शिबिरासाठी म्हणून स्वतःच्या मनाने ती थांबवू नका. अल्प्राझोलामसारखी गोळी एकदम बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते. आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. इतके तास गप्प राहून आत बघणं हे सगळ्यांना मानवत नाही. माझ्या ओळीतली एक तरुण मुलगी पाचव्या दिवसापासून प्रत्येक बैठकीत रडत होती. सेविका तिला बाहेर नेऊन पाणी द्यायच्या, पाठीवर हात फिरवायच्या. ते माणूस म्हणून योग्यच. पण त्या प्रशिक्षित समुपदेशक नव्हत्या. ताजं दुःख असेल, घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर माझ्या मते सहा महिने थांबा.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं ध्यान, शिकवतात आणि मौन सुटतं. त्या दुपारी बायकांच्या जेवणघरात जो कलकलाट झाला तो आमच्या कार्तिकीच्या दर्शनरांगेलाही लाजवणारा होता. चमचावाली बाई नांदेडची निघाली, ग्रामसेवक. तिने मला पहिला प्रश्न विचारला तो गुडघ्यावर कोणतं मलम लावू.

घरी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. दुकान, स्वयंपाक, सासूबाईंचं पथ्य सांभाळून ते होत नाही. शटर उघडायच्या आधी अर्धा तास बसते, तोही रविवारी बुडतो. मुंबईत गोराईला याच परंपरेचा पॅगोडा आहे, तिथे जुन्या साधकांसाठी एक दिवसाची शिबिरं होतात, पण पंढरपूरहून मुंबई गाठून एक दिवस गप्प बसायला जाणं माझ्याच्याने होत नाही. ज्यांचं घर मुंबईत आहे त्यांनी लाभ घ्यावा.

परवा एक गिऱ्हाईक चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागायला आलं. नाही म्हटल्यावर म्हणालं, "समोरचा देतोय, तुम्हालाच काय मोठेपणा?" कानांमागे ऊब आली. ती कळली. कळली तरी मी बोललेच, आणि थोडं वरच्या पट्टीत बोलले. माणूस गेल्यावर रजिस्टर उघडलं, सकाळच्या दोन नोंदी राहिल्या होत्या त्या भरल्या. बहिणीला अजून फोन केलेला नाही. बक्षीसपत्र तसंच आहे.

अर्ज ऑनलाइन भरतात. बायकांच्या जागा उन्हाळ्याच्या सुट्टीत लवकर संपतात, महिना-दोन महिने आधी भरा. जाताना सैल कपडे, साधं गजराचं घड्याळ, शाल आणि पायमोजे न्या. पहाटे साडेचारला हॉलची फरशी गार असते.